तेवीस नंबरचा खड्डा

त्या प्रयोगशाळेत एकूण चौदा केबल होत्या आणि त्यांतली एक चालू होती.

कोणती, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे संप्रेषण प्रणालीच्या प्रॅक्टिकलला मुलं पहिला दीड तास केबल शोधायची आणि उरलेल्या दहा मिनिटांत एकमेकांच्या वहीतून आकडे उतरवायची. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकांचं म्हणणं असं, की इंजिनिअरला पुढे आयुष्यभर हेच करायचं असतं, मग आत्तापासून सवय झालेली बरी.

खडूला मात्र चालू केबल माहीत होती. चौथ्या सेमिस्टरला एक अख्खी दुपार घालवून तिने चौदाच्या चौदा तपासल्या होत्या आणि जी चालू निघाली तिच्या टोकाला हिरव्या दोऱ्याची बारीकशी गाठ मारून ती पुन्हा ढिगात टाकून दिली होती. हा निव्वळ स्वार्थ होता आणि ती तो नाकारत नसे. खडू हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण मोजायची जागा आधी खूण करून ठेवावी असं तिचं ठाम मत होतं, त्यासाठी तिच्या खिशात कायम एक खडू असायचा, आणि कुणाला नाव ठेवायला वर्गाला याहून कमी कारणही पुरतं.

तर सातव्या सेमिस्टरच्या एका मंगळवारी तिने नेहमीप्रमाणे रॅकमधल्या ढिगात हात घातला, गाठ चाचपली आणि केबल ओढली. केबल आली नाही. तिने जोर लावला. केबलनेही जोर लावला.

"सोड," रॅकच्या पलीकडून आवाज आला.

"तू सोड."

"मी आधी धरलीय."

"मी चौथ्या सेमिस्टरपासून धरलीय!"

पलीकडची ओढ सैल झाली.

"म्हणजे... हा हिरवा दोरा तुझा?"

"तुला दोऱ्याचं काय माहीत?"

"दीड वर्ष त्याच्यावरच पास होतोय मी."

तिने रॅकच्या कप्प्यातून पलीकडे बघितलं. शर्टाचं बटण दिसलं. त्याच्या वरच्या कप्प्यातून आणखी एक बटण दिसलं. चेहरा सगळ्यात वरच्या कप्प्यात होता, एका बंद पडलेल्या ऑसिलोस्कोपच्या शेजारी, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर साधारण सारखेच भाव होते. हा वर्गातला टॉवर. सहा फूट तीन इंच, मितभाषी, आणि शेवटच्या बाकावर बसण्याची शिक्षकांनीच सक्ती केलेला एकमेव विद्यार्थी.

"केबल कॉलेजची आहे," टॉवर म्हणाला.

"दोरा माझा आहे."

"मग दोरा घेऊन जा."

खडूने खरंच दोरा सोडवून खिशात टाकला. दुसऱ्या मिनिटाला केबल टॉवरच्या हातातून निसटून ढिगात पडली, आणि त्या दिवशी कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळा वर्ग सारखाच अडाणी झाला. दोघंही नापास आकडे घेऊन घरी गेले.

चूक दोघांची होती. माफी कुणीच मागितली नाही.

*

प्रोजेक्टच्या मॅडम 'गोंगाट' हा विषय शिकवायच्या. गोंगाट म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणारा नको तो आवाज. तो त्या इतक्या हळू शिकवायच्या की तिसऱ्या बाकापासून मागे फक्त विषयच ऐकू यायचा. पुढच्या आठवड्यात त्यांनी खडूला बोलावलं. खडूची जोडीदारीण परीक्षेचा अर्ज भरायला विसरली होती आणि आता एक वर्ष निवांत होती. टॉवरच्या गटात तिघं होते. एकाला कपॅसिटरचा झटका बसला म्हणून तो शाखा बदलून सिव्हिलला गेला, आणि दुसऱ्याला त्या झटक्याचं वर्णन ऐकूनच झटका बसला, म्हणून तोही गेला.

"दोन तुटलेल्या तारा आहेत," मॅडम म्हणाल्या. "सोल्डर करून टाकते."

"मॅडम, दुसरं कुणी नाही का?" खडूने विचारलं.

"हं," शेजारून टॉवर म्हणाला. हा होकार होता की नकार, हे कळायला तिला पुढे बरेच महिने लागणार होते.

विषय साधा होता. अंतर वाढतं तसा सिग्नल किती क्षीण होतो, ते मोजायचं, आणि सूत्राने काढलेल्या आकड्यांशी ताडून बघायचं. मोबाइलचा टॉवर कुठे उभारावा हे असंच ठरवतात. एकाने वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत सिग्नल घेणारी डबी घेऊन उभं राहायचं. दुसऱ्याने सिग्नल सोडणारी डबी घेऊन खालच्या वाटेने फाटकाकडे चालत जायचं. वाटेवर चाळीस खुणा. प्रत्येक खुणेवर दहा सेकंद थांबायचं. डब्या आकडे आपोआप नोंदवून ठेवणार.

"एकच पथ्य," मॅडम म्हणाल्या, आणि ऐकू यावं म्हणून दोघं पुढे झुकले. "माणूस म्हणजे पाण्याची पिशवी. या लहरी पाण्यात जिरतात. तेव्हा पिशवी मध्ये येऊ द्यायची नाही. डब्या पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवायच्या आणि दोघांनी एकमेकांकडे पाठ करून राहायचं. सबंध वेळ."

"सबंध वेळ एकमेकांकडे पाठ?" खडू म्हणाली. "जमेल आम्हाला."

*

मोजणी सकाळी सातला असायची, कारण त्या वेळी सगळं होस्टेल झोपलेलं आणि हवेत फारसं कुणाचं वायफाय नसे. खडूने पट्टी धरून दर दीड मीटरवर पांढऱ्या खुणा केल्या आणि त्यांना एक ते चाळीस आकडे दिले. मधूनमधून भुरभुर पाऊस यायचा आणि आकडे पुसून जायचे. ती पुन्हा काढायची. तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की हा तिच्या दिवसातला सगळ्यात चांगला भाग होता, आणि त्याचा टॉवरशी काही संबंध नव्हता.

खुणेवर पोचली की ती मोठ्याने आकडा सांगायची. वर गॅलरीत भिंतीकडे तोंड करून उभा असलेला टॉवर वेळ टिपून घ्यायचा आणि उत्तर द्यायचा.

"एक!"

"हं."

"दोन!"

"हं."

बाविसाव्या खुणेपुढे एक चर होता. नेटवर्कची केबल टाकायला दोन वर्षांपूर्वी खणलेला, केबल टाकून झालेली, बुजवायचं काम कोणाचं यावर पत्रव्यवहार चालू. चराच्या पलीकडच्या काठाला त्याच केबलच्या चेंबरचं लोखंडी झाकण होतं आणि बरोब्बर त्यावर तेवीस नंबर येत होता. खडू दोन्ही पाय जोडून उडी मारायची. ढाण्ण!

"तेवीस!"

"हं."

मोजणी झाली की दोघं वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून कॅन्टीनमधला चहा प्यायचे. चहा टॉवर आणायचा. पहिल्या दिवशी दोन कप आणले, दुसऱ्या दिवशी दोन कप आणि खडूच्या सॅकवर धरायला एक छत्री आणली. छत्री डबीसाठी आहे, असं त्याने लगेच स्पष्ट केलं. डबी कॉलेजची होती.

"तू बोलत का नाहीस रे कधी?" तिसऱ्या दिवशी तिने विचारलं.

"बोलतो की. रोज चाळीसदा हं म्हणतो."

"ते बोलणं नव्हे. ती पोच झाली."

"नेटवर्कच्या पुस्तकात बघ," टॉवर म्हणाला. "निरोपाला चार पानं दिलीत आणि पोचेला अकरा."

तिने चहाचा घोट घेतला. त्याची कॉलर एका बाजूने उभी राहिली होती. तिने हात लांब करून ती दुमडली.

"अँटेना सरळ असलेली बरी," ती म्हणाली.

"हं..." टॉवर म्हणाला. या 'हं'ला चाळीसमधल्या कुठल्याही 'हं'पेक्षा जरा जास्त वेळ लागला.

*

तिसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी आलेख काढला आणि घोळ लक्षात आला.

सिग्नल सूत्राबरहुकूम हळूहळू उतरत होता. एकवीस ठीक, बावीस ठीक. आणि तेवीसवर धाडकन बारा डेसिबलचा खड्डा. म्हणजे सिग्नल सोळाव्या हिश्श्यावर. चोवीसला पुन्हा सगळं सुरळीत, जसं काही झालंच नाही. तिन्ही दिवशी तेच.

"झाकण," खडू म्हणाली. "लोखंडी आहे."

चौथ्या दिवशी तिने सुतारकामाच्या वर्कशॉपमधून एक फळी आणून झाकणावर टाकली. आता ढाण्णच्या जागी धप्प वाजलं. खड्डा तिथेच.

मग तिला प्राचार्यांची गाडी दिसली, जी वाटेच्या कडेला उभी असायची. टॉवरने ड्रायव्हरची समजूत घालून पाचव्या दिवशी गाडी मागच्या अंगणात लावून घेतली. प्राचार्यांना ती तिथे सापडली नाही आणि ते पोलिसांना फोन करायच्या बेतात होते. खड्डा तिथेच. मग चराजवळ झोपणाऱ्या कुत्र्यावर संशय गेला. सहाव्या दिवशी टॉवरने त्याला उचलून फाटकाबाहेर नेऊन ठेवलं आणि ते त्याच्या आधी परत येऊन झोपलं. दुसऱ्यांदा नेल्यावर ते बाहेर राहिलं. खड्डा मात्र तिथेच.

सातव्या दिवशी सायकल स्टँडवरची पाण्याची टाकी रिकामी केली.

"पाणीच तर शोषून घेतं," खडू म्हणाली. "टाकीच असणार. तुला काय वाटतं?"

टॉवर काही तरी बोलणार होता. त्याने तोंड उघडलं, मिटलं. "पाइप मी धरतो," तो म्हणाला.

त्या दिवशी दुपारपर्यंत कॉलेजला पाणी नव्हतं. कॅन्टीनवाल्याने जे शब्द वापरले त्यांतले काही तर टॉवरलाही नवीन होते. संध्याकाळी आलेख काढला. बारा डेसिबल.

आठव्या आणि नवव्या दिवशी काहीही न हलवता मोजलं. बारा. बारा.

आता हे नुसत्या मार्कांपुरतं राहिलं नव्हतं. मोबाइल टॉवरच्या जागा ठरवून देणाऱ्या एका कंपनीने खडूला नोकरी द्यायचं कबूल केलं होतं, एका अटीवर: प्रत्यक्ष मोजणीचा अहवाल आणि त्यावर बाहेरच्या परीक्षकांचा 'उत्तम' शेरा. त्या नोकरीत दिवसभर असंच खुणा करत हिंडायचं होतं. जग फिरायला पगार देतात हे कळलेल्या माणसाला जसं होतं, तसं तिला ती जाहिरात वाचून झालं होतं. आणि आता अहवालाच्या मधोमध एक खड्डा होता, ज्याचं कारण तिला सांगता येत नव्हतं.

वर्गातल्या मुलांनी एकमुखाने सल्ला दिला, की तेवीस खोड. बावीस आणि चोवीसच्या मधला आकडा टाक. कोण बघतंय? मॅडमनीसुद्धा "वगळ गं" असं काहीसं म्हटलं, किंवा दुसरं काही म्हटलं असेल.

"वगळ," टॉवरही म्हणाला. पायऱ्यांवर बसून तो कपातल्या चहाकडे बघत होता.

"तूसुद्धा?"

"एकच तर आहे. चाळीसातला एक."

"नऊ वेळा आलाय तो! आणि मोजलेलं खोडायचं नाही." तिने खडू पायरीवर आपटला, त्याचे दोन तुकडे झाले. "आमच्या बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. एखाद्या रेडिओतला बिघाड नाही सापडला तर ते गिऱ्हाइकाला सरळ सांगतात, सापडला नाही. गप्प बसवून, थापटून परत देत नाहीत. बाबा म्हणतात, बिघाड जात नसतो, जागा बदलतो. आज लपवला की उद्या दुसरीकडून निघणार."

टॉवरने दोन्ही कप उचलले आणि तो कॅन्टीनकडे निघाला. पोचसुद्धा दिली नाही.

*

बाहेरून आलेले परीक्षक निवृत्तीला टेकले होते. अर्धं आयुष्य त्यांनी टेलिफोनच्या तारा जोडण्यात घालवलं होतं आणि ते हसल्याचा कुठे पुरावा नव्हता. त्यांनी आलेख डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि तेविसावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"खड्डा आहे, सर," खडू म्हणाली.

"दिसतंय. कशामुळे?"

तिने झाकण, गाडी, कुत्रा, टाकी सगळं क्रमाने सांगितलं. कोपऱ्यात उभ्या काकांनी टाकीच्या वेळी मान हलवून दुजोरा दिला.

"म्हणजे साप म्हणून भुई धोपटत होतात," परीक्षक म्हणाले. "आणि साप?"

खडूने एकदा आलेखाकडे बघितलं. "सापडला नाही, सर."

"प्रामाणिक आहात. पण प्रामाणिकपणाला माझ्या तक्त्यात रकाना नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मोजणी कष्टाची आहे, निष्कर्ष अपुरा आहे. 'समाधानकारक' लिहितो."

'समाधानकारक' म्हणजे 'उत्तम'च्या दोन पायऱ्या खाली. नोकरी नाही. खडूने मान हलवली. तिच्या हातातला खडू घामाने चिकट झाला होता.

"सर," टॉवर म्हणाला.

सगळ्यांनी वर बघितलं.

"सर... तो खड्डा मी आहे."

"काय आहात?"

"खड्डा. माणूस म्हणजे पाण्याची पिशवी, सर. डबी माझ्या पाठीवर असते. मी वळलो की मी मध्ये येतो."

पेन थांबलं. "तुम्ही वळता?"

"हं. हो, सर."

"का?"

"ढाण्ण आवाज येतो, सर."

"कसला?"

टॉवरने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तिथून काही मदत आली नाही. "ती चर ओलांडते, सर. दोन्ही पाय जोडून. बाकी सगळं तिचं पट्टी धरून असतं... आणि ते एक तेवढं, लहान पोरीसारखं. पहिल्या दिवशी आवाजाने दचकून वळलो. मग..."

"मग?"

"मग दचकायचं कारण उरलं नव्हतं. पण वळलो."

"नऊही दिवस?"

"नऊही दिवस, सर."

"आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद?"

"ती दहाच सेकंद थांबते, सर."

प्रयोगशाळेत इतकी शांतता पसरली की मॅडमचं बोलणं ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "अगंबाई!"

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "हे तुमचं म्हणणं झालं. इंजिनिअरिंगमध्ये म्हणण्याला किंमत नाही. डब्या घ्या. मोजून दाखवा."

*

जिना उतरताना खडूने त्याला गाठलं.

"तुला कधी कळलं?"

"काय?"

"खड्डा तू आहेस ते!"

"टाकीच्या वेळी." तो दोन पायऱ्या उतरला. "म्हणजे... फळीच्या वेळी संशय आला होता."

"आणि तू पाइप धरलास? सगळ्या कॉलेजला तहानलेलं ठेवलंस?"

"तू म्हणालीस, टाकीच असणार. इतक्या खात्रीने म्हणालीस..."

"कुत्र्याला दोनदा उचललंस!"

"तेव्हा सांगितलं असतं तर 'का वळतोस' विचारलं असतंस."

"मग?"

"मग उत्तर द्यावं लागलं असतं," टॉवर म्हणाला, आणि सॅक पाठीवर टाकून गॅलरीकडे गेला.

खडू वाटेवर जाऊन उभी राहिली. ती प्रचंड चिडली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा; आणि कळसा सहा फूट तीन इंच, रोज समोर बसून चहा पितोय! नुकतीच पावसाची सर येऊन गेली होती, खडूचे आकडे फिकट झाले होते, चर काठोकाठ भरला होता. फळी वर्कशॉपने परत नेली होती. वर गॅलरीत टॉवर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. परीक्षक त्याच्यापासून लांब, कठड्याच्या टोकाला थांबले. पाण्याची तिसरी पिशवी नको, असं त्यांनीच सांगितलं. काका दुसऱ्या टोकाला. मॅडम लॅपटॉप घेऊन दारात. सगळ्यांची नजर टॉवरवर.

"हललात तर मला दिसेल," परीक्षक म्हणाले.

"हं," टॉवर म्हणाला.

खडूने पाठ केली आणि चालायला लागली.

"एक!"

"हं."

तिचा राग साधारण नवव्या खुणेपर्यंत टिकला. पंधराव्या खुणेवर तिला एक बारीकशी गोष्ट जाणवली. टॉवरचे सगळे 'हं' भिंतीवर आपटून येत होते, दबलेले, जणू डब्यात बसून म्हटलेले. ते तसेच यायचे रोज. पण रोज त्यांतला एक 'हं' वेगळा असायचा, मोकळा, स्वच्छ. तिने तो नऊ सकाळी ऐकला होता आणि कुठेही नोंदवला नव्हता, कारण 'हं'साठी रकाना नव्हता. आणि त्या एका 'हं'नंतर उरलेल्या सतरा खुणा नेहमी जरा भराभर संपायच्या, हेही तिने कधी नोंदवलं नव्हतं.

"बावीस!"

"हं." दबलेला.

तिने पाय जोडले. उडी मारली. ढाण्ण!

"तेवीस!"

"हं."

भिंतीकडून आला.

बरोबरच होतं. तसाच यायला हवा होता. तेच तर सिद्ध करायचं होतं. तिने घड्याळाकडे बघितलं. दोन सेकंद. तीन. आपल्याला काही तरी मिळायचं राहिलंय, असं तिला वाटत होतं, आणि चौथ्या सेकंदाला ती वळली.

त्याची पाठ दिसली. नऊ दिवस या पाठीकडे तिची पाठ होती, त्यामुळे तिने ती कधी नीट बघितलीच नव्हती. कॉलर पुन्हा एका बाजूने उभी. दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या. कान लाल. हा माणूस न वळण्यासाठी एवढं बळ लावत होता, की तेवढ्यात कुत्र्याला तिसऱ्यांदा नेऊन आला असता.

दहा सेकंद झाले. तिने पाठ केली आणि चोवीसकडे गेली. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

*

आलेख लॅपटॉपवर आला. एकवीस ठीक, बावीस ठीक.

तेवीसवर खड्डा होता.

"सर, मी हललो नाही," टॉवर म्हणाला.

"माहीत आहे. डोळ्यांत तेल घालून बघत होतो."

"मी पण," काका म्हणाले. "श्वास पण बेतानेच घेत होता."

"म्हणजे तुमचं स्पष्टीकरण चुकलं," परीक्षक म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा पेन काढलं.

टॉवर जमिनीकडे बघत राहिला. चार माणसांसमोर जे बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि आता आलेखसुद्धा सांगत होता की तो ते उगीच बोलला. हात दाखवून अवलक्षण, ते हेच.

खडूने विचार केला. तोंड मिटून राहिलं तर 'समाधानकारक', नोकरी गेली, आणि हा बिचारा जन्माचा खोटा पडला. तोंड उघडलं तर काय जाईल, याचाही तिने अंदाज घेतला. अब्रू सोडून फारसं काही निघेना.

"सर, हा खड्डा त्याचा नाही," ती म्हणाली. "माझा आहे."

"आता तुमचा?"

"त्याचा बारा डेसिबलचा असतो. हा बघा, नऊचा आहे. मी त्याच्यापेक्षा लहान पिशवी आहे, सर."

परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याजवळ गेले. खरंच नऊ होता.

"तुम्ही का वळलात?"

"'हं' आला नाही, सर."

"मी म्हटलं होतं," टॉवर पटकन म्हणाला.

"भिंतीला म्हटलंस!" ती त्याच्याकडे वळली. "रोज तेवीसला मला म्हणतोस. आज भिंतीला म्हटलंस. मग मी वळून बघितलं... काय झालं ते."

टॉवरचे कान आता अशा रंगाचे झाले होते, ज्याला प्रयोगशाळेतल्या रोधकांच्या रंगांच्या तक्त्यातही नाव नव्हतं.

परीक्षकांनी चष्मा पुन्हा नाकावर आणला. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ सैल करून पुन्हा बांधलं. "अजून दोन फेऱ्या," ते म्हणाले. "एकीत कुणीच वळायचं नाही. दुसरीत तेवीसला दोघांनीही वळायचं. तरच पुरावा पुरा होतो. वैयक्तिक घेऊ नका."

पहिल्या फेरीत कुणी वळलं नाही. खडूने दात-ओठ आवळून तेवीस पार केला. आलेख सरळ आला, सूत्राप्रमाणे, एक ओरखडाही नाही. इतका चांगला आलेख त्या कॉलेजात कुणी न चोरता काढला नव्हता.

दुसऱ्या फेरीत तिने उडी मारली, ढाण्ण वाजलं, आणि दोघं वळले.

"तेवीस," ती म्हणाली. ओरडायची तिला गरज वाटली नाही.

"हं," टॉवर म्हणाला. मोकळा, स्वच्छ.

पस्तीस मीटरवरून तिने पहिल्यांदाच बघितलं, की आपण इथे पोचतो तेव्हा वरून आपल्याकडे कोण बघत असतं. तो हसत नव्हता. फक्त बघत होता, मन लावून, तिने आकडे वाचावेत तसा. तिने कॉलरकडे बोट दाखवलं. त्याने चाचपडून ती दुमडली, चुकीच्या बाजूची. तिने मान हलवली. त्याने दुसऱ्या बाजूची दुमडली.

"दहा सेकंद झाले," परीक्षक म्हणाले.

भुरभुर पुन्हा सुरू झाली होती.

"पंधरा झाले."

"राहू द्या हो सर," मॅडम म्हणाल्या. पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

"वीस," परीक्षक म्हणाले, आणि मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

खड्डा एकवीस डेसिबलचा आला. बारा अधिक नऊ. दोघं एकमेकांकडे बघत असताना त्यांच्यातला सिग्नल सव्वाशेव्या हिश्श्यावर आला होता, अख्ख्या प्रोजेक्टमधला सगळ्यात वाईट. परीक्षकांनी बेरीज बोटांवर पडताळून बघितली आणि तक्त्यात लिहिलं: 'उत्तम.' खाली बारीक अक्षरात लिहिलं: 'निरीक्षकांनी काम करताना काम करावं.'

*

वाचनालयाच्या पायऱ्यांवर टॉवर दोन कप घेऊन आला. सॅक दोघांनी बाजूला काढून ठेवल्या होत्या. तिने खिशातून हिरव्या दोऱ्याचा तुकडा काढला, केबलच्या त्या मंगळवारपासून खिशात पडलेला, खडूच्या पुडीने पांढरट झालेला, आणि त्याच्या शर्टाच्या वरच्या काजात एक गाठ मारली.

"हे काय?"

"चालू असलेल्याला मी खूण करून ठेवते," ती म्हणाली.

टॉवरने गाठीकडे बघितलं. मग तिच्याकडे. "मग या वेळी सोडवून नेऊ नकोस," तो म्हणाला. तिच्याकडे बघत त्याने केलेलं हे सगळ्यात मोठं भाषण होतं.

एवढ्यात तिचा फोन वाजला. बाबा होते. त्यांना पास-नापासपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची उत्सुकता होती.

"काय गं, सापडला का तुझा बिघाड?"

"सापडला, बाबा."

"कुठे होता?"

खडूने शेजारी बघितलं. टॉवर चहा पीत होता आणि आपण ऐकत नाही असं दाखवत होता, आणि ते त्याला मुळीच जमत नव्हतं.

"दोन्ही टोकांना होता, बाबा."

पलीकडे बाबांनी क्षणभर विचार केला. मागे कुठला तरी रेडिओ खरखरत होता.

"दोन्ही टोकांना? मग काळजी नाही," ते म्हणाले. "मधली तार चांगली आहे."